सर्वांची प्रकृती स्थिर आहे

आये, तुला मी कधी पत्र लिहिलं नाही. कोल्हापूरला शिकत होते तेव्हा पत्रं बाबांच्या नावाने पाठवायचे आणि शेवटी एक ओळ असायची, आयेला नमस्कार सांगा. तुला वाचता येत नव्हतं. बाबा तुला वाचून दाखवायचे. त्यातलं किती वाचायचे आणि किती गाळायचे ते त्यांनाच ठाऊक. आज लिहितेय ते तुलाच, आणि असं शाळेतल्यासारखं मराठी लिहितेय, कारण आपली मालवणी माझ्या तोंडात आहे, हातात उतरत नाही. तू ऐकलं असतंस तर म्हणाली असतीस, "काय गो, हापिसात बसलंस काय?"

तुला जाऊन तीस वर्षं होऊन गेली. मी शिकवते. आपल्याच जिल्ह्यात, वेंगुर्ल्याच्या अलीकडे एका टेकडीवर विद्यापीठाचं लहानसं आवार आहे, तिथे. वर्ग, काजूची आणि आंब्याची कलमं, दोन वसतिगृहं, आणि खाली उतरलं की गाव. चार वर्षं मी मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते, म्हणजे त्यांच्या राहण्या-खाण्याची, येण्या-जाण्याची जबाबदारी माझ्यावर. आणि त्याच चार वर्षांत ती साथ आली. तुला साथ म्हटलं की देवीची किंवा गॅस्ट्रोची आठवेल. ही सगळ्या जगाला एकदम आली. माणसं तोंडाला फडकं बांधून हिंडायला लागली, एकमेकांपासून लांब उभी राहायला लागली. एसटी बंद, देवळं बंद, जत्रा बंद. आजारी माणसाच्या घरी कुणी जायचं नाही आणि मेलेल्या माणसाला कुणी न्हाऊ घालायचं नाही. हे तुला समोर बसून सांगितलं असतं तरी तू विश्वास ठेवला नसतास.

त्या दिवसांत विद्यापीठाकडून रोज काही ना काही कळवलं जायचं. परीक्षा पुढे ढकलली. परीक्षा होणार, पण मोबाईलवर. प्रात्यक्षिकं होणार. प्रात्यक्षिकं रद्द. एक सूचना सकाळी यायची आणि तिच्याविरुद्ध दुसरी संध्याकाळी. शिवाय आरोग्याच्या सूचना वेगळ्या: गरम पाणी प्या, वाफ घ्या, वाफ घेऊ नका, भाजी धुवा, बोटाला यंत्र लावून आकडा बघा. या सगळ्यातून रोज संध्याकाळी एक मजकूर तयार करून मुलींच्या आणि पालकांच्या ग्रुपवर टाकायचं काम माझ्याकडे आलं. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, तुमचं मराठी चांगलं आहे. लोक घाबरणार नाहीत असं लिहा." मी वर लिहायचे, 'आवारातील आजची स्थिती'. खाली बातम्या. आणि शेवटी, घाबरण्याचे कारण नाही. लिहिताना मी स्वतः इतकी घाबरलेली असायचे की कितीदा तरी 'घाबरण्याचे' या शब्दातच चूक व्हायची.

पहिल्या लाटेत मुली आपापल्या घरी होत्या. मग थोडं ओसरलं आणि शेवटच्या वर्षाच्या मुलींना प्रात्यक्षिकांसाठी परत बोलावलं, आणि त्या येऊन स्थिरावतायत तोवर दुसरी लाट आली. जवळच्या मुलींना त्यांचे वडील, भाऊ येऊन घेऊन गेले. लांबच्या अडकल्या. त्यातल्याच एका मुलीला ताप आला. सोलापूरकडची होती. वडील एका लहान गावात शिंपीकाम करायचे, आई त्यांना काजं-बटणं करून द्यायची, आणि ही घरातली पहिली मुलगी जी इतक्या लांब शिकायला आली होती. समुद्र तिने आमच्याकडे येऊन पहिल्यांदा बघितला. सुरुवातीला आमच्या मेसमधलं माशाचं कालवण बघून ती ताट घेऊन लांब बसायची. नंतर सोलकढी मागून प्यायला लागली. तिची तपासणी झाली आणि ती बाधित निघाली. वसतिगृहाच्या टोकाची खोली रिकामी करून तिला तिथे ठेवलं. डॉक्टर रोज फोनवर चौकशी करायचे. तसं फार काही नव्हतं, ताप आणि खोकला, आणि तोंडाची चव गेलेली. पण खालच्या गावात बातमी गेली आणि गावकऱ्यांनी रस्त्यावर बांबू आडवा घातला. आमची मेसवाली काकी त्याच गावातली. तिला घरच्यांनी सांगितलं, वर जायचं तर खाली परत यायचं नाही. ती पिशवीत दोन लुगडी भरून वर आली आणि मेसच्या कोठीतच राहिली. म्हणाली, "पोरीक जेवक कोण घालतला? तुमी काय ग्रुपवरसून वाढतल्यात?"

मला हसू आलं होतं आणि रडूही.

आणि मग एके दिवशी दुपारी त्या मुलीच्या काकांचा फोन आला. मी बागेतून चालत येत होते, काजूच्या झाडाखाली थांबले. ते म्हणाले, "मॅडम, आमचा भाऊ गेला. सकाळी. दवाखान्यातच." मला तर त्यांना बरं नाही हेसुद्धा माहीत नव्हतं. मुलीलाही नव्हतं, तिला घरून सांगितलं होतं की पप्पांना थोडी कणकण आहे. काका म्हणाले, "तिला सांगू नका. ती एकटी आहे, आजारी आहे, यायचं म्हटलं तरी येता येणार नाही. आणि परीक्षा आहे. वहिनींनी हात जोडून सांगितलंय. ती बरी झाली, घरी आली, की आम्ही सांगू." मी म्हटलं, "बघते." हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. फोन ठेवला आणि तिथेच खाली पाचोळ्यात बसले.

आये, त्या पाचोळ्यात बसून मला त्या मुलीचा चेहरा नाही आठवला. मला कुडाळचा एसटी स्टँड आठवला.

मी एम.एस्सी.चा शेवटचा पेपर देऊन येतेय. हातात ट्रंक, तुझ्यासाठी घेतलेली कोल्हापुरी चप्पल तिच्यात. दादा न्यायला आलाय. उन्हात डोक्याला टोपी घालून उभा आहे आणि मला बघून टोपी काढतो, कशासाठी काढतो कोण जाणे, आणि त्याच्या डोक्याचा चकोट केलेला आहे. मला वाटलं, बाबा गेले. मी तेच विचारलं, "बाबा?" त्याने नाही म्हणून मान हलवली. मग म्हणाला, "आये." तू जाऊन दिवसकार्यही उरकलं होतं. तुला कावीळ झाली होती, आधी गावठी औषध दिलं, मग कुडाळला नेलं, मग डॉक्टर म्हणाले गोव्याला न्या, आणि त्यातलं काहीच मला कुणी कळवलं नव्हतं. मी स्टँडवर ओरडले, "माका कित्याक कळवूक नाय?" लोक बघत होते. दादा म्हणाला, "आयेनच सांगल्यान. तिका सांगू नकात, तिची परीक्षा होवंदी."

त्या वाक्यावर मी आयुष्यभर चिडून आहे. तू गेलीस याचा राग नाही, त्या वाक्याचा. माझ्या वतीने तू कसं काय ठरवलंस? मला पेपर नको होता, मला तुझ्या उशाशी बसायचं होतं. तुझ्या काविळीने पिवळ्या झालेल्या डोळ्यांनी तू मला एकदा बघितलं असतंस. पुढे मला पहिला वर्ग मिळाला, नोकरी मिळाली, सगळं मिळालं, आणि प्रत्येक वेळी मला वाटलं की हे त्या वाक्याच्या बदल्यात मिळालंय.

तू तशीच होतीस, म्हणून तर मी ते लगेच खरं मानलं. मी सात-आठ वर्षांची असेन. शेजारच्या काकीच्या गाईची पाडी विहिरीत पडून मेली. मी ते बघितलं आणि धावत काकीच्या घरी गेले. ती शेतातून येऊन पेजेला बसली होती, पहिला घोट घेतला होता. मी दारातूनच ओरडले, "काकी, तुझी पाडी मेली!" ती पेज टाकून धावली. संध्याकाळी तू मला चुलीपुढे बसवलंस. मारलं नाहीस. म्हणालीस, "पाडी मेलीच होती मां? ती काय परत येतली होती? मगे तिची पेज तरी होवंदी होती गो." मी म्हटलं, पण मेली ते सांगायला नको? तू म्हणालीस, "सांगाक व्हया. पण धावान कित्याक?" आणि मला गरम घावणा वाढलास, म्हणजे राग संपला.

तर मी त्या मुलीला सांगायचं ठरवलं. संध्याकाळपर्यंत थांबले. मेसवाल्या काकीने जेवण नेऊन दाराशी ठेवलं, ते तिने खाल्लं, ताट बाहेर सरकवलं, तोवर थांबले. तेवढं तुझं ऐकलं. मग तिच्या खोलीच्या व्हरांड्यातल्या खिडकीशी गेले. तोंडाला दुहेरी मास्क, आणि ती खिडकीपासून लांब कॉटवर. असं सांगायचं माणसाने? खांद्यावर हात ठेवता येत नाही, चेहरासुद्धा अर्धा झाकलेला. मी सांगितलं. ती म्हणाली, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुझ्या काकांनी."

"आईला माहीत आहे, मला कळलंय ते?"

"नाही. तिनेच सांगू नका म्हटलं होतं."

"मग तुम्ही का सांगितलं?"

आये, मी दुपारपासून सगळ्या प्रश्नांची तयारी केली होती. जायला गाडी मिळेल का, पास मिळेल का, डॉक्टर सोडतील का. या प्रश्नाची केली नव्हती. मी म्हटलं, "तुझे वडील आहेत. तुला कळायला हवं." ती म्हणाली, "आता मी काय करू, मॅडम?" भांडायचा स्वर नव्हता. खरोखर विचारत होती, प्रात्यक्षिकात कलम बांधताना पुढची पायरी विचारतात तसं. दाराला बाहेरून कडी नव्हती, पण ती बाहेर येऊ शकत नव्हती आणि मी आत जाऊ शकत नव्हते. मग तिने भिंतीकडे तोंड केलं. मी व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले. काकी येऊन माझ्याशेजारी फरशीवर बसली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "सांगलास ता बरा केलास." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "नाय सांगल्यात असता तरी चलला असता." मी तिच्याकडे बघितलं, तर ती पदराने डोळे पुसत होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तिला औषधं द्यायला गेले तेव्हा ती फोनवर होती. फोन कॉटवर ठेवलेला, आवाज मोठा केलेला. तिची आई विचारत होती, ताप आहे का, जेवलीस का. ही उत्तरं देत होती. मग हिने विचारलं, "पप्पा जेवले का?"

मी खिडकीशी थिजले. पलीकडून आई म्हणाली, "जेवले. आत्ताच झोपलेत."

"उठवू नको त्यांना. कणकण गेली का?"

"गेली, बाळा. तू काळजी करू नको."

"नाही करत. तू जेवून घे."

फोन बंद झाल्यावर तिने मला बघितलं. मी औषधाची पुडी गजांतून आत ठेवली. ती म्हणाली, "तिला वाटतंय मला माहीत नाही. तिला तेवढाच आधार आहे, मॅडम. तिला माझ्यासाठी रडावं लागत नाहीये." एवढं बोलून तिने पुडी उघडली आणि गोळी मोजून हातावर घेतली. मी खाली ऑफिसात आले आणि त्या दिवसाचा मजकूर लिहिला. परीक्षेचं वेळापत्रक. ग्रंथालय बंद. आणि शेवटी, आवारातील सर्वांची प्रकृती स्थिर आहे. प्राचार्यांनी अंगठा पाठवला.

ती खोलीत होती तोवर रोज हे चाललं. ती रोज विचारायची पप्पा कसे आहेत, आणि तिची आई रोज सांगायची बरे आहेत. एकदा तर आईने सांगितलं की ते तुझ्यासाठी ड्रेस शिवतायत. तिने रंग विचारला. मी पुढे पुढे त्या वेळेला तिकडे जायचंच टाळायला लागले. मला कळेनासं झालं होतं की यातलं माझ्यामुळे काय आहे. मी सांगितलं नसतं तर हे सगळे प्रश्न तिने खरे म्हणून विचारले असते, आणि रात्री शांत झोपली असती. मी तिला वडिलांच्या मरणात सहभागी करून घेतलं की त्या खोलीत आणखी एकटं पाडलं? मी तिला सांगितलं की कुडाळच्या स्टँडवरच्या त्या मुलीला सांगितलं, जिला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं?

ती बरी झाली, पास मिळाला, घरी गेली. परीक्षा तिने तिकडूनच दिली आणि उत्तीर्ण झाली. पुढच्या वर्षी सगळं उघडल्यावर सामान न्यायला आली, बरोबर तिची आई. बाई माझ्या क्वार्टरवर आल्या, शेंगदाण्याची चटणी आणि एक खण घेऊन. खण माझ्या हातात देताना त्यांनी माझे दोन्ही हात धरले. म्हणाल्या, "तुमचे उपकार कसे फेडू? तुम्ही तिला कळू दिलं नाही. कळलं असतं तर पोरगी त्या खोलीत झुरून गेली असती. आईसारखं सांभाळलंत." मी मुलीकडे बघितलं. ती खिडकीतून कलमांकडे बघत होती. म्हणाली, "हो ना आई, घरी आल्यावरच कळलं मला." मी म्हटलं, "बसा ना, चहा करते." आणि आत जाऊन ओट्याला धरून उभी राहिले.

निघताना आई पुढे गेली आणि मुलगी चपलेचा पट्टा लावायला मागे थांबली. मी हळूच विचारलं, "माझ्यावर राग आहे का तुझा?" ती म्हणाली, "माहीत नाही, मॅडम. कधी वाटतं, बरं झालं तुम्ही सांगितलंत, मी त्यांच्यासाठी त्याच दिवशी रडले. कधी वाटतं, जरा थांबला असतात तर." मग म्हणाली, "पण आईला राहू दे असंच." मी मान हलवली. तो खण मी शिवला नाही, कुणाला दिलाही नाही.

यंदा मे महिन्यात घरी गेले होते. दादा आता साठीला आला. बाबा जाऊनही बरीच वर्षं झाली. आम्ही घरापुढच्या खळ्यात बसून काजूच्या बिया निवडत होतो, आणि का कोण जाणे, त्याला मी ही सगळी गोष्ट सांगितली. इतकी वर्षं घरात कुणालाच सांगितली नव्हती. तो ऐकत होता. शेवटी मी म्हटलं, "आता माका वाटता, आयेचाच बरोबर होता की काय. तिना सांगल्यान, कळवू नकात."

दादाचा हात थांबला. म्हणाला, "आयेन खंय सांगल्यान?"

"तूच बोललंस मां? स्टँडार?"

"अगो, तिची सुद खंय होती? चार दिवस ती कोणाक वळखी नाय होती. बाबांनी ठरवल्यानी, तुका कळवूचा नाय म्हणान. तू थय आराडलंस, माका काय सुचाक नाय, तर मी आयेचा नाव घेतलंय. तुका बरा वाटतला म्हणान."

तो खाली बघत बिया निवडत राहिला. थोड्या वेळाने स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, "आधी काय बोलली असात तर माका ठावक नाय. पयल्या दिवसांत ती बोला होती. बाबांका काय सांगल्यान काय? आता आठवणा नाय माका नीट." मग वहिनीने चहाला हाक मारली.

तेव्हापासून आये, माझं काही जुळत नाहीये. ज्या रागाने मी त्या मुलीला खिडकीशी जाऊन सांगितलं तो तुझ्यावरचा होता, आणि तू कदाचित काहीच केलं नव्हतंस. तू बेशुद्ध पडून होतीस आणि तुझ्या नावाने कुणीतरी एक वाक्य बोललं. बाबांवर चिडू म्हटलं तर तो राग येतच नाही. बाबांचा चेहरा डोळ्यापुढे आणला की त्या बाईंचे हात आठवतात, खण देताना धरलेले. दादावर चिडू? तो तेव्हा पंचविशीतला, नुकताच तुला अग्नी देऊन आलेला. मग तुझी माफी मागायची का? पण दादाला तरी नक्की कुठे आठवतंय.

हे तुला पोचणार नाही, आणि दादालाही मी पुन्हा विचारणार नाही. त्याला आणखी काही आठवलं तर, अशी भीती वाटते. कारण खरं सांगू का, तू निर्दोष ठरलीस याचा मला आनंद व्हायला हवा होता, आणि तो झालेला नाही. तुझ्या शेवटच्या दिवसांतलं माझ्याबद्दलचं तेवढं एकच वाक्य माझ्याकडे होतं. ते तूच म्हणाली असावीस, असं मला अजून वाटतं, म्हणजे वाटत राहावं असं वाटतं.